आनेवाडी टोलच्या रांगेत लुकलुकणारा ऑइलचा लाल दिवा

तुमचं म्हणणं आधी माझ्या शब्दांत मांडतो, चुकलं असेल तर सांगा. २०१४ची डिझेल हॅचबॅक, १ लाख ३८ हजार किलोमीटर झालेली. पुण्याहून साताऱ्याला येताना खंबाटकी चढून, सुरूर-भुईंज करत आनेवाडी टोलला पोचलात की रांगेत गाडी स्लोला (रेस न देता इंजिन नुसतं चालू) असताना ऑइलचा लाल दिवा लुकलुकतो. जरा रेस दिली की जातो. सकाळी थंड इंजिनाला कधीच लागत नाही. डिपस्टिकवर ऑइल बरोबर दिसतं. मागची सर्व्हिस अकरा हजार किलोमीटरपूर्वी बाहेरच्या गॅरेजात झाली, कुठलं ऑइल पडलं ते ठाऊक नाही. एक गॅरेजवाला म्हणतो इंजिन काम करा, दुसरा म्हणतो '२०डब्ल्यू-५० (जास्त दाट ऑइल) ओता, दिवा जाईल'. आणि तुम्ही विचारताय, ऐकू कोणाचं?

आज तरी कोणाचंच ऐकू नका. दोघांनीही प्रेशर मोजलेलं नाही. पहिल्याचं कदाचित खरं निघेल, पण बघितल्याशिवाय सांगितलं ते खरं निघालं तरी अंदाजच. दुसऱ्याचं ऐकलं तर दिवा खरंच जाईल, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटते. का, ते पुढे येईल.

आधी एक गैरसमज काढू. तो दिवा ऑइल किती आहे ते सांगत नाही, ऑइलला दाब किती आहे ते सांगतो. पंप स्वतः दाब तयार करत नाही, तो फक्त ऑइल ढकलतो. क्रँकच्या बेअरिंगांतून, कॅमच्या खाचांतून, टर्बोच्या शाफ्टजवळून ऑइल निसटायला जेवढी अडचण होते, तेवढा दाब उभा राहतो. आपल्याकडच्या ठिबकसारखं समजा. विहीर तीच, मोटार तीच, पण शेताच्या टोकाला नळी फुटली की गेजचा काटा खाली येतो. मोटारीला शिव्या देऊन उपयोग नसतो. इंजिनात ही फुटकी नळी म्हणजे झिजलेलं बेअरिंग. शेल (बेअरिंगची पातळ वाटी) आणि त्यात फिरणारा क्रँक यांच्यातली फट नव्या इंजिनात मिलिमीटरच्या काही शंभरांश भागाएवढी असते, डोक्यावरच्या केसापेक्षा कमी. आणि फट दुप्पट झाली तर गळती दुप्पट होत नाही, साधारण आठपट होते, कारण अरुंद फटीतून जाणारं तेल फटीच्या घनाच्या हिशोबानं वाढतं. म्हणून 'थोडीशी झीज' हा शब्द बेअरिंगच्या बाबतीत मी वापरत नाही.

आता गरम इंजिनालाच का? ५डब्ल्यू-३० ऑइल ४० अंशाला जेवढं दाट असतं, त्याच्या सहा-सात पट पातळ ते १०० अंशाला होतं. सकाळी दाट ऑइल झिजलेल्या फटीतूनही पटकन निसटत नाही, दाब टिकतो. घाट चढून आल्यावर तेच ऑइल पाण्यासारखं झालेलं असतं. त्यात टोलच्या रांगेत इंजिन आठशे-साडेआठशे आरपीएमवर, पंप हळू फिरतोय. ऑइल सगळ्यात पातळ आणि पंप सगळ्यात हळू, अशी ही जागा. दिवा लागायचा असेल तर तो इथेच लागणार.

आणि तो लागतो फार उशिरा. सेन्सर म्हणतात तो खरं तर साधा स्विच असतो. बहुतेक गाड्यांत दाब ०.३ ते ०.५ बारच्या (बार हे दाब मोजायचं एकक) खाली गेला की तो दिवा लावतो. गरम इंजिनाला स्लोला निदान १ बारच्या आसपास हवा. म्हणजे १ पासून ०.५ पर्यंत घसरताना तुम्हाला काही कळलंच नाही. ह्या दिव्याला मी 'लवकर सावध करणारा' कधीच म्हणत नाही.

मोजायच्या आधी दोन फुकटची कामं करा. पहिलं, ऑइल लेव्हल नीट बघा. साताऱ्यात सपाट जागा शोधणं हेच अर्धं काम. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याच्या पेठांत उतारावर लावलेल्या गाडीची डिपस्टिक बघून लोक मला 'लेव्हल फुल आहे' सांगतात, आणि गॅरेजच्या कोब्यावर घेतली की पाऊण लिटर कमी निघतं. सपाटीवर लावा, इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबा, पट्टी पुसून परत घाला, मग बघा. लेव्हल वरच्या खुणेच्याही वर आली असेल तर खूश होऊ नका. ऑइलचा वास घ्या, बोटांत चोळा. डिझेलचा वास आला किंवा चिकटपणा वाटला नाही, तर एखादा इंजेक्टर किंवा सील डिझेल आत सोडतंय. पट्टीवर किंवा झाकणाखाली दुधी चहासारखा थर असेल तर पाणी मिसळतंय, मग विषय हेड गॅस्केट किंवा ऑइल कूलरकडे जातो. (तुमच्या गाडीला डीपीएफ, म्हणजे डिझेलच्या धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, नसावा. पण हे वाचणाऱ्या कोणाकडे एप्रिल २०२० नंतरची बीएस-६ डिझेल असेल आणि सगळं फिरणं गावातल्या गावात असेल, तर लेव्हल वाढतेय का हे दर पंधरवड्याला बघा. तो फिल्टर काजळी जाळून साफ होताना जादा डिझेल मारलं जातं आणि त्यातलं थोडं चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीत, उतरतं.)

दुसरं, दिवा स्वतः शाबूत आहे का ते बघा. इंजिन चालू न करता फक्त चावी फिरवा. ऑइलचा दिवा लागला पाहिजे, आणि इंजिन सुरू झाल्यावर दोन-तीन सेकंदांत गेला पाहिजे. जुन्या गाडीत स्विचला एकच वायर असते. ती कुठे घासून बॉडीला टेकली तर दाब चांगला असूनही दिवा लागतो. उलट ती तुटली तर दिवा कधीच लागत नाही, आणि हे जास्त घातक. एक किस्सा सांगतो. एका गिऱ्हाइकानं सेकंडहँड गाडी घेतली आणि महिन्याभरात इंजिन ठोकायला लागलं. चावी फिरवली की ऑइलचा दिवा लागायचा, इंजिन सुरू झालं की जायचा, सगळं ठीक. पण तो बॅटरीच्या दिव्याबरोबर बरोब्बर एकाच क्षणी जायचा. मीटर उघडला तर मागे दोन्ही दिव्यांच्या वायरी एकत्र जोडून वर काळी टेप गुंडाळलेली. विकणाऱ्यानं आजार लपवला होता. तेव्हापासून सेकंडहँड गाडी बघायला गेलो की हे दोन दिवे वेगवेगळ्या वेळी जातात का, ते आधी बघतो.

स्विचही बिघडतो, त्यातून ऑइल झिरपून कनेक्टरपर्यंत येतं. तो स्वस्त असतो, काही शेकड्यांत मिळतो, म्हणून बरेच जण सगळ्यात आधी तोच बदलतात. बदला, माझी हरकत नाही. पण स्विच खोलताच आहात, तर त्याच भोकात गेज लावून एकदा मोजून घ्या. मेहनत तीच.

मोजायचं कसं, हे थोडं सविस्तर सांगतो, कारण बहुतेकांची चूक इथेच होते. इंजिन थंड असताना स्विच काढायचा. तो सहसा फिल्टरच्या बैठकीजवळ असतो. त्या जागी अडॅप्टर घालून ० ते १० बारचं साधं यांत्रिक गेज लावायचं. स्विचचे आटे सगळ्या गाड्यांना सारखे नसतात, जबरदस्तीनं पिळलं तर ब्लॉकचेच आटे जातात, म्हणून अडॅप्टरचा संच लागतो. मी तांब्याचा नवा वॉशर टाकतो, पाइप पट्ट्यापासून आणि सायलेन्सरच्या नळीपासून लांब बांधतो. मग सुरू करून कुठे ठिबकतं का ते बघतो. थंड इंजिनाला ३-४ बार दिसेल आणि मेकॅनिक म्हणेल 'प्रेशर एकदम टाइट आहे'. हे वाचन कामाचं नाही. पाण्याचा काटा पाच-सात मिनिटांत मध्यावर येतो, ऑइलला तेवढं तापायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. उभ्या गाडीत तर आणखी वेळ जातो. म्हणून मी लांब पाइपचं गेज वापरतो, तो बॉनेटच्या फटीतून बाहेर काढतो, डायल काचेवर वायपरपाशी टेपनं चिकटवतो आणि गाडी यवतेश्वरचा घाट वर नेऊन खाली आणतो. येऊन गॅरेजात उभी केली की लगेच तीन आकडे घेतो: स्लोला, दोन हजारावर आणि तीन हजारावर.

तुमच्या इंजिनाच्या मॅन्युअलमधला आकडा हाच शेवटचा शब्द, पण ढोबळ हिशोब असा. दर हजार आरपीएमला कमीत कमी ०.७ बार हवाच. जुने मेस्त्री याला 'हजाराला दहा पौंड' म्हणतात. स्लोला १ बारच्या पुढे, दोन हजाराला २ ते अडीच, तीन हजाराला ३ च्या वर असेल तर इंजिन उघडायचं कारण नाही, वायरिंग बघा. स्लोला ०.७ आणि वर गेल्यावर ठीक वाढत असेल तर झीज सुरू झालीये, पण गाडी मरायला टेकलेली नाही.

आकड्यांपेक्षाही आकडे कसे बदलतात त्यात खरी गंमत आहे. मी काट्याची चाल बघतो.

स्लोला कमी, रेस दिली की भराभर वर चढतो, तर बेअरिंग झिजल्याची किंवा ऑइल फार पातळ झाल्याची शंका. तुमच्या दिव्याची वागणूक ह्याच बाजूची आहे. स्लोला कमी आणि रेस दिली तरी एका ठिकाणाच्या वर जातच नाही, तर रिलीफ वाल्व्हकडे (दाब फार वाढला की जादा ऑइल परत सोडणारी झडप) बघा. तो उघडाच अडकला असेल तर पंपानं ढकललेलं ऑइल परत चेंबरमध्ये पडतं. रेस वाढवली की दाब वाढायच्या ऐवजी उतरतो आणि काटा थरथरतो, तर पंपाला ऑइलच मिळत नाहीये. स्ट्रेनरची, म्हणजे पंप जिथून ऑइल ओढतो तिथली, जाळी तुंबलीये, किंवा जाळीच्या नळीची रबरी ओ-रिंग कडक होऊन पंप हवा ओढतोय. आणि वळणावर किंवा ब्रेक मारल्यावरच दिवा लागत असेल तर लेव्हल कमी आहे, इतकं साधं.

कोरेगावकडची एक गाडी आठवते. उसाचा हंगाम, रस्त्यावर ट्रॉल्यांनी पाडलेले खड्डे आणि ढेकळं. त्यांचा दिवा टोलला कधीच लागायचा नाही, हायवेवर ऐंशी-नव्वदला लागायचा. गेज लावलं: स्लोला १.२, दोन हजाराला २.१, तीन हजाराला १.४ आणि काटा नुसता नाचतोय. गाडी रॅम्पवर घेतली तर चेंबरला खालून वाटीएवढा पोचा. आतून जाळी त्या पोच्याला जवळजवळ टेकलेली, मध्ये रुपयाचं नाणं जाईल एवढीच जागा. हळू वेगाला तेवढ्यातून ऑइल पुरायचं, वेगात नाही. चेंबर काढून ठोकून सरळ केला, जाळी साफ केली, नवीन ओ-रिंग टाकली आणि गाडी घरी गेली. दुसरीकडे त्यांना इंजिन कामाचा आकडा देऊन झाला होता.

आता माझीही एक लाज सांगतो, नाहीतर नुसताच शहाणपणा वाटेल. गॅरेज काढलं त्या सुरुवातीच्या वर्षांत माण तालुक्याकडच्या एका जीपचं मी असंच हाफ इंजिन काम केलं. दिवा लागतोय, किलोमीटर भरपूर झालेत, मग बेअरिंगच गेले असणार. सगळे शेल नवे टाकले, पंपही नवा. चौथ्या दिवशी सुरू केली तर दिवा जशाला तसा. शेवटी रिलीफ वाल्व्ह काढला. त्याच्या प्लंजरखाली शेंगदाण्याच्या सालीएवढा सिलिकॉनचा तुकडा अडकलेला. आधी कोणीतरी चेंबर बसवताना लिक्विड गॅस्केट सढळ हातानं लावलं होतं, आतल्या बाजूला निघालेली कड तुटून फिरत फिरत तिथे जाऊन बसली होती. काढलेले जुने शेल बघितले तर आणखी पन्नास हजार किलोमीटर गेले असते. शेलचे आणि पंपाचे पैसे मी घेतले नाहीत. तेवढ्यातून मात्र माझं गेज घ्यायचं ठरलं.

आता '२०डब्ल्यू-५०' बद्दल. दाट ऑइल टाकलं की निसटायला अडचण वाढते, दाब वाढतो, दिवा विझतो. पण बेअरिंगला नुसता दाब नको असतो, फटीतून ऑइल वाहायला हवं असतं, म्हणजे ते थंडही राहतं. शिवाय तुमच्या इंजिनात टर्बो आहे, त्याचा शाफ्ट मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो, आणि सकाळी थंड सुरुवातीला दाट ऑइल तिथे पोचायला उशीर होतो. टायमिंग चेनचा टेन्शनर (चेन ताणून धरणारा भाग) बऱ्याच इंजिनांत ऑइलच्या दाबावर चालतो, त्यालाही तोच त्रास. आणि सगळ्यात वाईट म्हणजे तुमच्याकडे असलेला एकमेव सावध करणारा दिवा तुम्ही पैसे देऊन बंद केलेला असतो. मॅन्युअलमध्ये ५डब्ल्यू-३० बरोबर ५डब्ल्यू-४० लाही परवानगी असेल, तर जुन्या इंजिनाला एक पायरी वर जायला माझी ना नाही. मीही जातो. पण मोजून झाल्यावर, आणि गिऱ्हाइकाला कारण सांगून.

इंजिन फ्लश सुचवणाराही कोणी भेटेल. १ लाख ३८ हजार झालेल्या आणि सर्व्हिसचा पत्ता नसलेल्या इंजिनात मी फ्लश टाकत नाही. भिंतींना धरलेला गाळ एकदम सुटतो आणि थेट जाळीवर जाऊन बसतो. त्यापेक्षा ऑइल-फिल्टर दोनदा लवकर बदला, दोन-अडीच हजार किलोमीटरच्या अंतरानं. गाळ हळूहळू निघतो.

म्हणून तुमच्या गाडीला मी असं करेन. आधी ऑइल आणि फिल्टर बदलायचा, मॅन्युअलमधल्या ग्रेडचं ऑइल आणि चांगला फिल्टर. अकरा हजार चाललेलं, ग्रेड माहीत नसलेलं ऑइल आत ठेवून प्रेशर मोजणं म्हणजे ताप मोजायच्या आधी चहा पिण्यासारखं. नवीन ऑइलवर घाट फिरवून तीन आकडे घ्यायचे.

काढलेला फिल्टर फेकायचा नाही. तो उघडून बघायचा. हॅकसॉनं कापू नका, करवतीचाच भुसा आत पडतो आणि उगाच घाबरायला होतं. पत्र्याची कड छिन्नीनं उकलायची किंवा फिल्टर कटर वापरायचा. आतला कागद बाहेर काढून पट्टीसारखा उलगडायचा, पिळायचा आणि उन्हात धरायचा. काळा गाळ दिसणारच, त्याचं काही नाही. चमचम दिसली तर लोहचुंबक फिरवायचं. चुंबकाला लागतंय ते लोखंड, म्हणजे पंप, चेन किंवा रिंगा. चुंबकाला न लागणारी करडी किंवा तांबूस चमक म्हणजे बहुधा बेअरिंगचा थर. बोटावर घेऊन चोळल्यावर मेंदीच्या पुडीसारखे बारीक कण पसरले तर थोडी झीज, नखाएवढे पापुद्रे निघाले तर गाडी त्याच जागी उभी करा.

आकडे नवीन ऑइलवरही कमी आले आणि फिल्टर स्वच्छ निघाला तर चेंबर उतरवायचा. जाळी, ओ-रिंग, रिलीफ वाल्व्ह बघायचं. चेंबर उतरलाच आहे तर एका कनेक्टिंग रॉडचं खालचं कॅप खोलून शेल बघायचं, पंप सगळ्यात शेवटी. पंप ऑइलमध्येच फिरतो, त्यामुळे तो एकटाच आधी जातो असं मी क्वचितच पाहिलंय. शेलवर नुसते ओरखडे आहेत की वरचा थर खरवडून खालचा धातू उघडा पडलाय, हे डोळ्यांनी कळतं. थर गेला असेल तर क्रँक मायक्रोमीटरनं मोजून घ्या, गोल राहिलाय का ते बघा, आणि तेव्हाच इंजिन कामाची गोष्ट करा. तोवर पहिल्या गॅरेजवाल्याचा आकडा खिशात ठेवा.

मधल्या काळात गाडी चालवायची का? दिवा फक्त गरम स्लोला लुकलुकतोय आणि इंजिनातून आवाज नाही, तर गॅरेजपर्यंत हळू न्यायला हरकत नाही. पुण्याच्या खेपा मात्र थांबवा, एसटी आहे. चालत्या गाडीत दिवा स्थिर लागला किंवा रेस देताना खालून ठक-ठक असा जड, लाकडावर हातोडी मारल्यासारखा आवाज आला तर डावीकडे घ्या, बंद करा, परत सुरू करून बघू नका. 'अजून दोन किलोमीटरच तर राहिलेत' म्हणून शेंद्र्यापासून गावात चालवत आणलेल्या गाड्या माझ्याकडे येतात, त्यांचा क्रँक निळा पडलेला असतो. क्रेनचा खर्च त्यापुढे काहीच नाही.

ऑइल बदलून गरम इंजिनाचे तीन आकडे घ्या आणि इथेच लिहा: स्लो, दोन हजार, तीन हजार. काटा स्थिर होता की थरथरत होता, तेही. आणि फिल्टरचा कागद उन्हात धरून एक फोटो. तेवढं आलं की पुढचं बोलू.